कुंभकोणमची कुंची

कुंभकोणम म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात त्या पितळी समया, विड्याची कोवळी पाने, सारंगपाणीचे उंच गोपुर आणि बारा वर्षांनी एकदा महामहम तळ्यावर लोटणारी गर्दी. लोकर आणि कुंभकोणम या दोन शब्दांची सोयरीक मात्र सहसा कोणाला सुचणार नाही. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेल्या या गावात ऐन हिवाळ्यातही रात्रीचा पारा वीस-एकवीस अंशांच्या खाली क्वचितच उतरतो. हवामान खात्याच्या नियमाप्रमाणे सपाट प्रदेशात किमान तापमान दहा अंशांवर किंवा त्याखाली आल्यावाचून थंडीच्या लाटेचा विचारही होत नाही. त्या नियमाने पाहिले तर कुंभकोणमला थंडी अशी नाहीच. आणि निफाडचा शेतकरी, ज्याने पाच अंशांखाली उतरलेल्या पाऱ्यात द्राक्षांच्या बागेत शेकोट्या पेटविलेल्या असतात, तो या गावाच्या हिवाळ्याला बहुधा हसेलच.

परंतु डिसेंबरच्या मध्यावर मार्गळी महिना लागला, की याच गावात पहाटे साडेचारला निराळे दृश्य दिसते. दारापुढे सडा पडलेला असतो, कोलम रेखाटले जात असते, देवळाच्या ध्वनिक्षेपकावरून तिरुप्पावैचे सूर ऐकू येत असतात, आणि रस्त्याने चाललेल्या वृद्ध गृहस्थांच्या अंगावर धोतर आणि उपरणे एवढेच असले तरी डोक्यावर मात्र कान, हनुवटी आणि मान झाकणारी लोकरी टोपी असते. मराठीत तिला माकडटोपी म्हणतात. तमिळमध्येही तिचे नाव ‘कुरंगु कुल्ला’, म्हणजे माकडाचीच टोपी. गोल खिडकीतून तेवढा चेहरा बाहेर डोकावतो आणि तो माकडासारखा दिसतो, एवढा साधा विनोद दोन भाषांना स्वतंत्रपणे सुचला असावा.

मार्गळी म्हणजे आपला धनुर्मास, बोलीतला धुंधुरमास. महाराष्ट्रात या दिवसांत सूर्य उगवण्यापूर्वी मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा यांचा नैवेद्य होतो. कुंभकोणमला त्याच वेळी मिरी आणि तूप घातलेला वेण्पोंगल होतो. तांदूळ आणि मूग दोन्हीकडे तेच. ही समानता केवळ पंचांगापुरती आहे असेही नाही. १६७६ साली शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू एकोजी राजे यांनी तंजावरास राज्य स्थापिले, आणि १८५५ साली दुसरे शिवाजी राजे निपुत्रिक वारल्यावर ते कंपनी सरकारने खालसा केले. या पावणेदोनशे वर्षांच्या काळात कित्येक मराठी घराणी कावेरीकाठी रुजली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तिन्ही संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमलाच झाला. तमिळच्या सहवासात वळण बदललेली तंजावरी मराठी आजही काही घरांत बोलली जाते. तेव्हा बाळाच्या डोक्यावर काय घालावे हा प्रश्न या गावापुरता विचारायचा, तर तो मराठी श्रोत्याला अगदीच परका नाही.

वीस अंशांत माणसाला थंडी वाजते ती का, याचे उत्तर केवळ पाऱ्यात शोधून भागत नाही. वर्षाचे दहा महिने तीस-पस्तीस अंशांत काढणाऱ्या शरीराला वीस अंश हा मोठा उतार असतो. त्यातच ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत पडून गेलेला, खाचरांतून भात उभे, जमीन ओली, हवा दमट, पहाटे दंव. आणि मुख्य म्हणजे स्नान होऊन केस ओले असताना देवळाची वाट धरायची. ओल्या केसांवरून वारा वाहिला, की पाण्याची वाफ होताना ती डोक्याची उष्णता घेऊन जाते. कानाच्या पाळीवर चरबीचा थर जवळपास नसतोच. म्हणून कुंभकोणमकर कान झाकतो आणि पाय उघडे ठेवतो. त्याच्या दृष्टीने त्यात विसंगती काहीच नाही.

डोक्यावाटे शरीराची निम्मी उष्णता निघून जाते, अशी एक समजूत फार दिवस प्रचलित होती. प्रौढ माणसाच्या बाबतीत ती खरी नाही, कारण त्याच्या एकंदर त्वचेपैकी डोक्याचा वाटा सात-आठ टक्क्यांचाच असतो. तान्ह्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. जन्मतः हा वाटा एकोणीस टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे जवळजवळ पंचमांश. आजीबाई बाळाला आधी टोपडे आणि मग अंगडे घालीत, त्यामागे हे गणित त्यांनी मांडलेले नव्हते. पण उत्तर बरोबर होते.

थंडीला पांघरूण कसे घ्यावे हेही शिकावेच लागते, याचा दाखला याच गावच्या सर्वांत विख्यात पुत्राच्या चरित्रात आहे. श्रीनिवास रामानुजन १९१४ साली केंब्रिजला गेले. तेथे शिकत असलेले प्रशांतचंद्र महालनोबिस त्यांना भेटावयास गेले असता रात्री फार थंडी वाजते असे रामानुजन यांनी सांगितले. ओव्हरकोट घालून आणि शाल गुंडाळून ते निजत असत. महालनोबिस यांनी खाटेकडे पाहिले तर घोंगड्या चांगल्या भरपूर होत्या, पण त्या गादीखाली घट्ट खोचून वर पलंगपोस पसरलेला होता. त्या उलगडून आत शिरायचे असते, हे सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या घरात चटईवर निजून वाढलेल्या गणितज्ञाला कोणी सांगितलेच नव्हते. महालनोबिस यांनी स्वतः सांगितलेली ही आठवण आहे. थंड देशाचे वस्त्र उष्ण देशाच्या माणसाच्या हाती आले, की त्याबरोबर त्याची रीतही यावी लागते. किंवा मग ते वस्त्रच येथल्या रीतीप्रमाणे नव्याने घडवावे लागते.

माकडटोपीचे मूळही असेच दूरचे. क्रिमियाच्या युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लावा येथे लढाई झाली. त्या हिवाळ्यात ब्रिटिश सैनिकांचे जे हाल झाले त्यांची आठवण ठेवून कानमान झाकणाऱ्या विणलेल्या टोपीला पुढे ‘बालाक्लावा’ हे नाव पडले. त्याच युद्धातील लॉर्ड कार्डिगन यांचे नाव पुढून उघडणाऱ्या लोकरी अंगरख्याला मिळाले आणि सेनापती लॉर्ड रॅग्लन यांचे नाव बाहीच्या एका कापाला. युद्धशास्त्राला त्या मोहिमेने फारसे काही दिले नसेल, शिंप्यांना मात्र पुष्कळ दिले. त्याच १८५४ साली कुंभकोणमला सरकारी विद्यालय निघाले, जे पुढे दक्षिणेचे केंब्रिज म्हणून नावाजले गेले.

अलीकडे या टोपीचे एक बालरूप सर्वत्र दिसू लागले आहे. टोपी आणि गळपट्टा ही दोन्ही एकत्र जोडलेली, वर अस्वलाचे, कोल्ह्याचे किंवा सशाचे दोन कान, आणि गळपट्ट्याच्या दोन्ही टोकांना पंजाच्या आकाराचे खिसे. ते क्रोशाने विणतात. विलायती वाटणारी ही वस्तू मराठी घराला मात्र ओळखीची वाटावी. बारशाला बाळाच्या डोक्यावर घालतात ती कुंची म्हणजे तरी दुसरे काय? खणाची किंवा रेशमी कापडाची, कडेला गोट किंवा मोती लावलेली, डोक्यावर टोकदार बसणारी, पाठीवर झूल सोडणारी आणि हनुवटीखाली बंदाने बांधायची.

प्राण्याचे तोंड डोक्यावर घेण्याची हौसही आजची नाही. ग्रीकांचा हेराक्लीस नेमियाच्या सिंहाला मारून त्याचे कातडे पांघरतो, तेव्हा सिंहाचा जबडा त्याच्या कपाळावर असतो आणि दोन पंजे छातीवर गाठ मारून बांधलेले असतात. अलेक्झांडरच्या नाण्यांवर ही मूर्ती आहे. बाल्हिकाचा ग्रीक राजा डिमिट्रियस याच्या नाण्यांवर तर राजाच्या डोक्यावर हत्तीचे मस्तक आहे, सोंड वर उचललेली. पराक्रम मिरविण्यासाठी राजे जे करीत, तेच चिनी आई मुलाचे रक्षण व्हावे म्हणून करीत आली: वाघाच्या तोंडाची, मोठ्या डोळ्यांची टोपी मुलाला घालावी म्हणजे अनिष्ट दूर राहते. आपल्याकडे त्या कामासाठी गालावर काजळाची तीट असते. तीट स्वस्त पडते.

तेव्हा कुंभकोणमच्या मुलासाठी अशी कानांची कुंची विणावयाची, तर प्राणी कोणता? अस्वल येथे कोणी पाहिलेले नाही. हत्ती मात्र देवळाच्या दारात पाहतच या गावची मुले लहानाची मोठी झाली. गावापासून चार-पाच किलोमीटरवरील दारासुरमचे मंदिर, जे दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधले आणि ज्याची २००४ साली जागतिक वारशात नोंद झाली, ते ऐरावताच्या नावाचे. तेथे एक शिल्प आहे: हत्ती आणि बैल समोरासमोर, पण मस्तक दोघांत मिळून एकच. एका बाजूने झाकून पाहावे तर हत्ती, दुसऱ्या बाजूने पाहावे तर बैल. असल्या गावात विलायती नमुन्यातला कोल्हा उतरवून काढणे म्हणजे हाताशी पक्वान्न असताना डबा उघडण्यासारखे आहे. अर्थात हत्तीच्या कानांत एक गंमत आहे. खऱ्या हत्तीला ते थंडीसाठी मिळालेले नाहीत; पातळ कातडीखाली रक्तवाहिन्यांचे जाळे असलेले ते सुपाएवढे कान हलवून तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. उबेच्या टोपीवर थंडाव्याचे कान, असा हा प्रकार होईल. मुलांची त्याला हरकत नसते.

दुसरा प्रश्न दोऱ्याचा. मूळ नमुने लोकरीचे किंवा ॲक्रिलिकचे असतात. ॲक्रिलिक स्वस्त, रंगीत आणि धुण्यास सोपे. पण ते घाम शोषीत नाही, आणि आगीजवळ वितळून कातडीला चिकटते. जेथे पहाट वीस अंशांची आणि सकाळचे दहा अठ्ठावीस अंशांचे, तेथे जाड सुती दोराच योग्य. सुती टोपी लोकरीइतकी उबदार नसते हे खरे. येथे तितकी ऊब नकोच आहे.

विणण्याची कृती अवघड नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर सुमारे ५० सेंटिमीटर भरतो. चार मिलिमीटरची सुई घेऊन आधी वीतभर तुकडा विणून पाहावा आणि दहा सेंटिमीटरांत किती टाके बसतात ते मोजावे. हा तुकडा विणण्याचा कंटाळा सर्वांनाच असतो, आणि टोपी लहान होण्याचे कारणही बहुतेक वेळा तोच कंटाळा असतो. समजा सोळा मुके खांब बसले, तर ५० सेंटिमीटरसाठी ८० साखळ्यांची ओळ घालावी, वळणासाठी एक साखळी अधिक, आणि २० सेंटिमीटर रुंदी होईतो मुक्या खांबांच्या ओळी विणीत जावे. हा ५० बाय २० चा पट्टा लांबीत मधोमध दुमडला, की वर घडी राहते. मागची २५ सेंटिमीटरची कड शिवून टाकायची, पुढची तोंडासाठी मोकळी ठेवायची. शिवण जेथे घडीला मिळते तेथे मागे एक टोक निघते. कुंचीचा गोंडा लागतो ते हेच टोक. खाली उरलेल्या वीस-वीस सेंटिमीटरच्या दोन कडा गळपट्ट्याच्या मध्यावर जोडल्या, की टोपी तयार. वेळ लागतो तो कानांना.

कान गोलातून निघतो. दोऱ्याच्या कड्यात सहा मुके खांब घालून ते ओढून घट्ट करायचे. दुसऱ्या फेरीत बारा, तिसरीत अठरा, चौथीत चोवीस, असे प्रत्येक फेरीला सहा वाढवीत जायचे. आठ फेऱ्यांत ४८ टाके होतात आणि तळहाताएवढी सपाट चकती मिळते. सहाच का, हे विणणाऱ्या बायका सहसा विचारीत नाहीत, पण त्यामागे गणित आहे. वर्तुळाची त्रिज्या एका मापाने वाढली, की परीघ दोन पायने, म्हणजे सुमारे सव्वासहा मापांनी वाढतो. मुक्या खांबाची उंची त्याच्या रुंदीहून किंचित कमी, म्हणून सव्वासहाऐवजी सहा टाके पुरतात. त्याच्या दुप्पट उंचीचा खांब घेतला तर फेरीला बारा वाढवावे लागतात. ज्या पायच्या किमतीसाठी रामानुजन यांनी १९१४ साली सतरा श्रेणी प्रसिद्ध केल्या, तो पाय त्यांच्या गावच्या कोणत्याही ओट्यावर असा दोऱ्यात सापडतो. सहापेक्षा कमी वाढविले तर चकतीची वाटी होते. अधिक वाढविले तर कडेला झालर पडते; आणि १९९७ साली कॉर्नेल विद्यापीठातील डायना तैमिना या गणितज्ञ बाईंनी नेमक्या याच झालरीचा उपयोग करून अतिपरवलयिक प्रतल नावाचा, कागदावर नीट न दाखविता येणारा पृष्ठभाग क्रोशाने विणून विद्यार्थ्यांच्या हाती दिला. हत्तीचा कान शेवटच्या दोन फेऱ्यांत सहाऐवजी बारा-बारा टाके वाढवून विणला, तर त्याची कड खऱ्या कानासारखी लाटेदार होते. वरच्या बाजूला चिमटा घेऊन तो टोपीवर शिवावा. सोंड कपाळावर लोंबू देऊ नये, ती मुलाच्या तोंडात जाते. डोळे बटणांचे न लावता दोऱ्याने भरावेत.

यापुढचा भाग नमुन्याच्या कागदावर बहुधा नसतो, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. मुलाच्या गळ्याभोवती काय बांधावे आणि किती घट्ट, हा हौसेचा प्रश्न नव्हे. प्रख्यात नर्तकी इझाडोरा डंकन १४ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधील नीस येथे मोटारीत बसल्या असता त्यांच्या लांब रेशमी गळपट्ट्याचे टोक चाकात अडकले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. आपल्याकडे ओढणी किंवा पदर मोटारसायकलच्या चाकात गेल्याच्या बातम्या येतच असतात. आणि पहाटे स्कूटरवर वडिलांच्या पुढे उभे केलेले मूल हे कुंभकोणमच्याच काय, कोणत्याही भारतीय गावच्या रस्त्यावरचे नित्याचे चित्र आहे. मुलांच्या कपड्यांतील टोपीच्या नाड्या झोपाळ्यात, घसरगुंडीत अडकून मृत्यू ओढवू लागले, तेव्हा अमेरिकेतील ग्राहक सुरक्षा आयोगाने १९९६ साली अशा नाड्यांविरुद्ध सूचना काढल्या. म्हणून येथे गळपट्टा ८० सेंटिमीटरहून लांब असू नये: मधले चाळीस टोपीला जोडलेले, आणि दोन्हीकडे वीस-वीसची टोके, जी समोर एकमेकांवर येऊन दाबाच्या बटणाने मिटतील. ओढ बसताच ते बटण उघडले पाहिजे. गाठ नको. वर्षाच्या आतील बाळाला तर गळपट्टाच नको, टोपडे पुरे. आणि तेही निजविताना काढून ठेवावे, कारण तान्हे मूल अंगातली जादा उष्णता मुख्यत्वे डोक्यावाटेच बाहेर टाकते आणि झोपेत फार तापणे हे त्याच्या जिवाला धोक्याचे असते. घरातील वडीलधाऱ्यांना हे पटविणे कठीण जाते. मार्गळीत बाळाला बोडके निजवायचे म्हणजे त्यांच्या मते सर्दीला आमंत्रण. तेथे सुनेने वाद घालण्यापेक्षा डॉक्टरांकडून सांगवावे.

क्रोशाची कला आपल्या देशात मुख्यतः मिशनऱ्यांच्या हातून आली. तमिळनाडूच्या दक्षिण टोकाला नागरकोविल येथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लेस विणण्याचे शिक्षण सुरू झाले. गोदावरीच्या मुखाकडील नरसापूरला त्याच शतकात क्रोशा रुजला आणि आज तेथील लेसला भौगोलिक मानांकन आहे. मराठी घरांत तो शाळेच्या शिवणाच्या तासातून आला आणि ताटावरचे रुमाल, दारावरची तोरणे, मणी लावलेली दुधाच्या भांड्यावरची जाळी, एवढेच काय रेडिओवरचे आच्छादनही त्याने व्यापले. चेन्नईत २०१६ साली स्त्रियांच्या एका संघटनेने ११,१४८.५ चौरस मीटरची क्रोशाची चादर जोडून जागतिक विक्रम नोंदविला. लोकरीची गरज जेथे सर्वांत कमी, तेथे हा विक्रम व्हावा!

परंतु या कौतुकाला दुसरी बाजू आहे. क्रोशाचा टाका कारखान्यातील यंत्रांवर सहसा निघत नाही. यंत्रावर निघते ते त्याच्यासारखे दिसणारे विणकाम. बाजारात खऱ्या क्रोशाची कानांची टोपी ज्या किमतीला मिळते, त्या किमतीतून दोरा, दुकानदार आणि वाहतूक वजा केली, की सराईत हातालाही लागणाऱ्या दहा-बारा तासांसाठी काय उरते याचा हिशेब ज्याने त्याने करून पाहावा. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी नरसापूरच्या लेसवाल्या स्त्रियांवरील आपल्या १९८२ च्या ग्रंथात दाखविले, की दिवसाचे सहा-आठ तास निर्यातीसाठी विणणाऱ्या या बायकांची गणना गृहिणी म्हणूनच होत होती आणि त्यांच्या श्रमाला ‘फावल्या वेळचा उद्योग’ हे नाव दिले की मजुरी कमी ठेवायला निमित्त मिळत होते. घरच्या नातवासाठी विणलेल्या टोपीचे तास कोणी मोजीत नाही, आणि मोजूही नयेत. विकत घेतलेल्या टोपीचे मोजावेत.

मकरसंक्रांत होऊन तै महिना लागला, की कुंभकोणमचे ऊन तापू लागते आणि माकडटोप्या आठवडाभरात दिसेनाशा होतात. सुती कुंची कोमट पाण्यात धुवावी, पिळू नये, उन्हात टांगूही नये. टांगली तर पाण्याच्या भाराने ती लांबते. सावलीत सपाट पसरून वाळवावी आणि कडुलिंबाची सुकी पाने घालून ट्रंकेत ठेवावी. पुढल्या मार्गळीला मूल वाढलेले असते. त्या वेळी तोंडाकडच्या कडेला आणखी चार-सहा ओळी विणल्या तर एक हिवाळा निभतो; त्यानंतर टाके उसवून दोऱ्याचा पुन्हा गुंडा करावा आणि धाकट्यासाठी साखळी घालावी.